बसलेला आवाज

‘मैं’ एवढं देवराव ढोमणे बोलले आणि पुढचा शब्द आलाच नाही. छत्तीसगढमधल्या भिलाई-३ च्या स्टेशनरस्त्यावर प्रवाशांसाठी बांधलेल्या नव्या निवाऱ्याचं उद्घाटन होतं. मांडव लहान, खुर्च्या लाल, समोरची माणसं ओळखीची. माइक तर चालू होता. देवरावांच्या श्वासाचा फुस्स आवाज पार मागच्या भोंग्यातून ऐकू येत होता. त्यांनी खाकरून पाहिलं, पाण्याचा घोट घेतला, उजवा हात वर केला. हात वर गेला की त्यामागून आवाज जातो अशी इतक्या वर्षांची सवय, पण आज हात एकटाच वर जाऊन राहिला. लोकांना वाटलं, साहेबांना भरून आलं. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. इतकं छोटं भाषण देवरावांनी आयुष्यात केलं नव्हतं, आणि इतक्या मनापासूनच्या टाळ्याही बऱ्याच दिवसांत ऐकल्या नव्हत्या. राजदीप धावत मंचावर आला. त्यांची गाडी तोच चालवायचा, निवडणुकीत झेंडे तोच बांधायचा आणि साहेबांची भाषणं त्याला साहेबांपेक्षा चांगली पाठ होती. तो कानाशी लागून म्हणाला, ‘‘भैया, क्या हुआ? दीवार वाला हिस्सा तो अभी बाकी है.’’

सुपेल्याच्या दवाखान्यात डॉक्टर रश्मी यांनी नळी घालून घशात पाहिलं. देवरावांना पडद्यावर स्वतःचा गळा दिसला. गुलाबी, ओला, एखाद्या अनोळखी जनावराचं तोंड असावं तसा. याच फटीतून आपण एवढी वर्षं बोलत आलो, यातूनच आमदार झालो, या विचारानं त्यांना जरा संकोचल्यासारखं झालं. डॉक्टर हसून म्हणाल्या, ‘‘डरने की कोई बात नहीं. आवाज की जगह पर दो छोटी गाँठें हैं. नेताओं को होती हैं, और ठेले पर सब्जी बेचने वालों को. पंद्रह दिन पूरा मौन. फुसफुसाना भी नहीं.’’ देवरावांनी दोन्ही हात पसरून विचारलं, कसं शक्य आहे? याच पंधरवड्यात पक्षाचा निरीक्षक रायपूरहून येणार होता. विधानसभेच्या तिकिटासाठी ज्यांना दावा सांगायचा होता त्या सगळ्यांना मोहन नगरच्या सभागृहात बोलावलं होतं. एकदा जिंकून दोनदा पडलेल्या माणसाला पुन्हा तिकीट मागायचं तर तोंडाशिवाय दुसरं भांडवल कुठलं? पण त्यांच्या हातांची ही भाषा डॉक्टरांना कळली नाही, किंवा कळूनही त्यांनी पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

घरी पहिला दिवस मोठा विचित्र गेला. तोंड बंद झालं म्हणजे आत शांत होईल असं त्यांना वाटलं होतं, पण आत कुणीतरी सारखं बोलत होतं. देवराव बैठकीतल्या आपल्या खुर्चीत डोळे मिटून ते ऐकत बसले. थोड्या वेळानं त्यांच्या ध्यानात आलं की हे बोलणं हिंदी नाही. बाहेर सगळा कारभार हिंदीत, वस्त्यांमध्ये छत्तीसगढी, मराठी फक्त चपला काढून घरात शिरल्यावर. म्हणून आपल्या डोक्यातही हिंदीच चालत असणार असं ते धरून चालले होते. आणि आत तर विदर्भातल्या आर्वीकडची बोली. ‘देवा, लई झालं ना आता. थकला नाही काय गा तू?’ तो आवाज त्यांच्या वडिलांचा होता. कृष्णराव ढोमणे आर्वीहून आले ते भिलाईच्या पोलाद कारखान्यात टाइम ऑफिसचे क्लार्क म्हणून. सेक्टरातल्या क्वार्टरसमोर त्यांनी पेरू लावला, पायजमा घालून संध्याकाळी त्याच्याशेजारी बसायचे आणि तासन्‌तास एक शब्द बोलायचे नाहीत. मुलानं मात्र शाळेत असतानाच माइक धरला. सेक्टरातल्या गणपतीत हरवलेल्या मुलांच्या घोषणा करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. निळ्या फ्रॉकमधली मुलगी, उजव्या पायात चप्पल नाही, आईवडिलांनी मंचाजवळ यावं. तो तेच आधी मराठीत सांगायचा, मग हिंदीत, मग बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडून ऐकून ऐकून शिकलेल्या छत्तीसगढीत. आणि गर्दी फाकवून आई धावत येताना दिसायची. आपण बोललो आणि माणूस धावत आला, याचं जे सुख तेव्हा अंगात शिरलं ते पुन्हा बाहेर पडलंच नाही. पुढे ठेक्यावरच्या कामगारांसाठी गेटसमोर ओरडले तेही त्याच सुखासाठी, नगर निगमाची निवडणूक लढवून पार्षद झाले तेही, आणि विधानसभेत पहिल्यांदा उभे राहून ‘अध्यक्ष महोदय’ म्हणाले तेव्हा त्यांना डोळ्यांसमोर तोच मांडव आणि तीच निळ्या फ्रॉकवाली मुलगी दिसली होती. वडील तेव्हा हयात होते. बातम्यांमध्ये मुलाला पाहून म्हणाले होते, ‘‘बोलते तर बेस. कोणाचं आयकते का नाही, थे टीव्हीवर दिसत नाही.’’ आमदार झालेला मुलगा त्यावर खदखदून हसला होता. आता खुर्चीत बसल्याबसल्या ते वाक्य त्यांना पुन्हा ऐकू आलं आणि या वेळी हसू जरा उशिरानं आलं.

दुसऱ्या दिवसापासून कांताबाई बोलायला लागल्या. म्हणजे बोलत त्या आधीही असतील, पण देवरावांना बायकोचं बोलणं म्हणजे चहा, औषध, कोण येऊन गेलं, एवढंच आठवत होतं. आता त्या समोर बसून वाटाणे सोलत आणि नवऱ्याला गोष्टी सांगत. शेजारच्या बाईंनी सुनेशी भांडून सगळी लोणची पुन्हा कशी घातली, भजनी मंडळात कोण कुणाच्या पट्टीत गात नाही. एकदा तर त्यांनी नवऱ्याचीच नक्कल केली. पदर खांद्यावर घेतला, लाटणं हातात धरलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, ‘‘भाइयो और बहनो, ये दीवार नहीं है, ये मेरा वचन है!’’ देवरावांना इतकं हसू आलं की हसण्याचाही आवाज होऊ नये म्हणून तोंडावर उशी धरावी लागली. त्यांनी खुणेनं विचारलं, हे सगळं तू कधी शिकलीस? कांताबाई म्हणाल्या, ‘‘तुमी बोलून राहिले होते ना, तवाच. तुमी बाहेर बोलत होते, मी मनात उत्तरं देत होती. इतकी उत्तरं जमून हायेत माह्याजवळ, पंधरा दिवस पुरणार नाहीत.’’ देवरावांनी मोबाइलवर काहीतरी टाइप करायला घेतलं. त्यांची बोटं जाड, चष्मा जुना. वाक्य पुरं होईपर्यंत कांताबाई तिसऱ्या गोष्टीवर पोचल्या होत्या. त्यांनी मोबाइल ठेवून दिला आणि वाटाण्याच्या शेंगा पुढ्यात ओढल्या. एक शेंग, मग दुसरी. नखाखाली हिरवा ओला वास राहिला, आणि हा वास आपल्याला आवडतो हे त्यांना नव्यानंच कळलं.

सकाळची बैठक मात्र चुकली नाही. माजी आमदार झाले तरी लोक येतच होते. कुणाच्या मुलाची बदली, कुणाचं रेशन, कुणाच्या गल्लीतला दिवा. राजदीप दारातच सांगायचा की भैयांचं मौन आहे, आणि लोकांना ते व्रत वाटायचं. काही जण तर पाया पडून जायचे. देवरावांची जुनी पद्धत अशी की समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की त्याचं काम त्यांच्या ध्यानात यायचं. मग ते त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, ‘‘हो जाएगा,’’ आणि पुढच्याकडे वळायचे. आता ‘हो जाएगा’ म्हणता येत नव्हतं, त्यामुळे माणसं पुरतं बोलत. सुरुवातीला देवरावांना हे सहन होईना, त्यांचे गुडघे आपोआप हलायला लागायचे. मग हळूहळू त्यांना त्यात एक गंमत दिसू लागली: माणूस जे मागायला येतो ते त्याच्या पहिल्या वाक्यात बहुधा नसतं. बदली मागायला आलेला बाप शेवटी म्हणाला की बदली नको, फक्त मुलानं फोन तरी करावा.

अशाच एका सकाळी गिरजाबाई आली. हथखोजच्या अलीकडच्या वस्तीत राहणारी, बाजारात मुरमुरे विकणारी, देवरावांहून वयानं मोठी आणि कुणालाच न दबणारी बाई. देवरावांना ती पक्की आठवत होती, कारण ती दीवारवाली. ती भिंत म्हणजे देवरावांच्या कारकिर्दीतलं सोनं. हथखोजच्या छोट्या कारखान्यांचे ट्रक मोठा रस्ता टाळून या वस्तीच्या गल्लीतून निघायचे. दिवसभर धूळ, हॉर्न, दारात खेळणाऱ्या पोरांच्या अंगावर येणारी चाकं. आमदार असताना देवरावांनी गल्लीच्या टोकाला उंच भिंत घातली आणि ट्रक एका दिवसात बंद झाले. वस्तीनं त्यांना खांद्यावर घेतलं होतं. प्रत्येक भाषणाच्या शेवटी ती भिंत यायची. गिरजाबाई त्यानंतर बैठकीत वरचेवर आली होती. ‘‘भैया, ओ दीवाल...’’ एवढं ती म्हणाली की देवरावांना कळायचं, रंग उडाला असणार. ‘‘हो जाएगा, अम्मा,’’ असं म्हणून ते दुसऱ्याच दिवशी रंगारी पाठवायचे. भिंत पुन्हा पिवळीधम्मक, त्यावर पुन्हा ठळक निळ्या अक्षरांत, ‘विकास पुरुष देवराव ढोमणे की अनुपम भेंट’.

आजही ती खाली बसली, मुरमुऱ्यांची टोपली शेजारी ठेवली आणि म्हणाली, ‘‘भैया, ओ दीवाल...’’ आणि थांबली. आता ‘हो जाएगा’ येणार म्हणून ती सवयीनं थांबली होती. ते आलं नाही. तिनं डोळे बारीक करून देवरावांकडे पाहिलं. देवराव तिच्याकडे पाहत राहिले. मग तिला एकदम जोर चढला. ‘‘मोर बहिनी ओ पार रहिथे, बाबू! पहिली मैं दू कदम म ओकर घर पहुँच जात रहेंव. अब तोर दीवाल के मारे ट्रक वाले सड़क ले अब्बड़ घूम के जाय बर परथे. मैं हर बखत कहिथँव दीवाल, अउ तैं हर बखत रंग पोता देथस! मोला रंग नइ चाही. मोला दुआरी चाही, दुआरी!’’ दार. माणूस जाईल एवढं, ट्रक जाणार नाही एवढं. राजदीपनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. देवरावांच्या कानशिलांवर गरम लाली आली, आणि त्याच वेळी पोटातून हसूही वर यायला लागलं, आणि या दोघांमधलं आधी कोण पोचणार हे त्यांना ठरवता येईना. आपण हिला बहिणीपासून तोडलं, आणि ती तक्रार घेऊन आली की आनंदानं आणखी एक हात रंग देत गेलो. तिनं तरी किती वेळा सांगावं? आत आर्वीची बोली म्हणाली, ‘घे. आयकलं शेवटी एकदाचं.’

दुपारी त्यांनी राजदीपला खूण केली आणि गाडी हथखोजकडे निघाली. भिंतीच्या अलीकडे त्यांना सगळं ठाऊक होतं. इथेच फीत कापली होती, इथेच फोटो निघाले होते. त्यांनी हातानं दाखवलं, पलीकडे. त्यासाठी खरंच मोठ्या रस्त्यानं, ट्रकांच्या मधून, धुळीतून वळसा घ्यावा लागला. एवढ्या वर्षांत भिंतीची ही बाजू त्यांनी पाहिलीच नव्हती. इकडे रंग नव्हता, नाव नव्हतं, नुसत्या विटा. आणि त्या विटांवर खालपासून हात पोचेल तिथपर्यंत शेणाच्या गोवऱ्या थापलेल्या, प्रत्येकीवर पाच बोटांचे ठसे. एका जागी पायाशी मोठे दगड रचले होते. त्यावर एक म्हातारी टाचा उंचावून उभी होती आणि भिंतीवरून पलीकडे झाकलेला डबा देत ओरडत होती, ‘‘ओ गिरजा, धर न, गरम हे!’’ पलीकडून फक्त एक हात वर आला, बांगड्यांचा, आणि डबा घेऊन गेला. त्या हाताचं देवरावांना फार नवल वाटलं. आपल्या सगळ्यांत मोठ्या कामाच्या पाठीमागे हा हात रोज वर येत होता. ते गाडीला टेकून भिंतीकडे पाहत राहिले. राजदीपला वाटलं साहेब दुःखी झाले. तो म्हणाला, ‘‘भैया, लोग तो आज भी तारीफ करते हैं.’’ पण देवराव दुःखी नव्हते. शाळेत गणित चुकलंय हे कळल्यावर कोपऱ्यात दिसणाऱ्या एकाच चुकीच्या आकड्याकडे मूल पाहतं, तसे ते पाहत होते. एवढंच तर होतं. आणि ते अजूनही दुरुस्त होण्यासारखं होतं.

मोहन नगरच्या सभागृहात निरीक्षकासमोर एकेक दावेदार उठत होता. कुणी जात सांगितली, कुणी गर्दीचे फोटो दाखवले. देवरावांनी मनाशी पक्कं केलं होतं की आज बोलायचं. घशाला आराम पडला होता, चार वाक्यांनी काही बिघडणार नव्हतं. कांताबाईंना न सांगता खिशात खडीसाखरही आणली होती. त्यांचं नाव पुकारलं गेलं. ते उभे राहिले, श्वास घेतला आणि भाषण आपोआप ओठांशी येऊन उभं राहिलं, पूर्ण, घासूनपुसून, शेवटी भिंत. ये दीवार नहीं है. आणि त्या भिंतीवरून एक हात वर आला, बांगड्यांचा. देवरावांना ते वाक्य म्हणवेना. भिंत वगळून बोलावं म्हटलं तर बाकीच्या भाषणाला उभं राहायला जागाच उरत नव्हती. सगळे वाट पाहत होते. ते हसले, हात जोडले आणि खाली बसले. सभागृहात कुजबुज झाली. निरीक्षक गंभीरपणे म्हणाला, ‘‘चलिए, एक आदमी तो ऐसा मिला जिसने समय बचाया,’’ आणि खसखस पिकली.  तिकीट गेलं, हे त्यांना तिथेच कळलं. एखाद्याचा दात पडल्यावर जीभ सारखी तिथेच जाते, तसं त्यांचं मन दिवसभर त्या रिकाम्या जागेशी जात राहिलं. घरी आल्यावर कांताबाईंनी तर्री-पोहे पुढे ठेवले आणि म्हणाल्या, ‘‘खिशात खडीसाखर होती ना? मले मालूम होतं. बोलले नाही, बेस केलं.’’

भिंतीला हात लावायचा तर वॉर्डाच्या पार्षदाची संमती हवी, आणि पार्षद मोना. विरोधी पक्षाची, तरुण, तिखट. देवरावांच्या माणसाला पाडून आलेली. देवराव राजदीपला घेऊन तिच्या ऑफिसात गेले तेव्हा तिनं खुर्चीवरून अर्धं उठत विचारलं, ‘‘अरे, ढोमने जी! लड़ने आए हैं?’’ देवरावांनी नाही म्हणून मान हलवली. ‘‘तो चुप क्यों हैं? मुझे तो और डर लग रहा है.’’ राजदीपनं भिंत, बहीण, रंग, दार सगळं सांगितलं. सांगता सांगता त्यालाच हसू फुटलं, मग मोनाला फुटलं, मग देवरावांनीही तोंडावर रुमाल धरला. हसू ओसरल्यावर मोना म्हणाली, ‘‘मेरे पास भी आई थी वो अम्मा. मैंने सोचा, आपकी दीवार को हाथ लगाऊँगी तो आप धरने पर बैठ जाओगे.’’ मग जरा थांबून, ‘‘रास्ता गली के सामने ही बनेगा. आपका नाम ठीक वहीं लिखा है. नाम टूटेगा.’’ देवरावांनी तळहातानं हवेत एक सरळ रेघ ओढली, वरपासून खालपर्यंत. तोडा.

मौन सुटलं त्या दिवशी डॉक्टर रश्मी म्हणाल्या, ‘‘अब बोलिए. धीरे-धीरे.’’ देवरावांनी तोंड उघडलं आणि त्यांना काय बोलावं तेच सुचेना. ‘‘क्या बोलूँ?’’ ते म्हणाले. आवाज बारीक, नवा, पोराचा असावा तसा आला. डॉक्टर म्हणाल्या, ‘‘बस, इतना ही काफी है.’’ तिकीट दुर्गच्या एका लॉनमालकाला मिळाल्याची बातमी त्याच आठवड्यात आली. फोनवर लोक हळहळत होते आणि देवराव त्यांचं पूर्ण ऐकून घेऊन म्हणत होते, ‘‘हाँ, बुरा तो लगा.’’ ते खरंच होतं. आणि तेवढं बोलल्यावर ते जरा कमी होत होतं, हेही खरं.

भिंत फोडायच्या दिवशी वस्तीतली सगळी माणसं गल्लीत जमली. मोनाही आली होती. मिस्त्रीनं नावाच्या बरोबर मधोमध छिन्नी धरली. पिवळ्या रंगाचे थर पोपडे होऊन गळाले, एकाखाली एक, मग निळी अक्षरं, मग विटा, मग पलीकडचा उजेड एकदम आत आला, आणि त्याबरोबर गोवऱ्यांचा वास. भगदाड वाढत गेलं तशी पलीकडची माणसंही दिसू लागली, तीही तशीच दाटीनं उभी. मिस्त्रीनं विचारलं, ‘‘साहब, चौड़ा कितना रखूँ?’’ कुणीतरी मागून म्हणालं, ‘‘साहब को ही खड़ा करके देख लो, वो निकल गए तो कोई भी निकल जाएगा!’’ हशा झाला. देवराव पुढे झाले. डोक्यावर विटेची धूळ पडत होती. ते त्या फटीत उभे राहिले, पोटाला दोन्ही बाजूंनी बोटभर जागा उरली. एक खांदा या वस्तीत, एक त्या. समोर माणसं, मागे माणसं, सगळ्यांचे डोळे त्यांच्याकडे, आणि छातीत श्वास भरून येत होता. अशी जागा त्यांना आयुष्यात मिळाली नव्हती. आवाज तयार होता, हात वर जायला निघालाच होता.

पाठीत टोपलीची कड टोचली. ‘‘थोरकिन घुँच न बाबू,’’ गिरजाबाई म्हणाली, ‘‘जावन दे.’’

‘‘हाँ, हाँ, अम्मा,’’ देवराव म्हणाले आणि बाजूला सरले. गिरजाबाई मुरमुऱ्यांची टोपली सांभाळत, त्यांच्याकडे न बघता, दोन पावलांत पलीकडे गेली. तिच्यामागून एक सायकल निघाली, मग एक शेळी, मग कडेवर मूल घेतलेली एक बाई, आणि तिच्यामागच्यांना वाट व्हावी म्हणून देवराव आणखी थोडे सरले.